सरकारी मेडिकल कॉलेजात अस्थायी सहायक प्राध्यापक म्हणून जॉइन व्हावं का? शिकवायचा ताण फार येतो का?

शिकवायचा ताण येत नाही हो. अ‍ॅनाटॉमी म्हणजे शरीररचना शिकवायला मला आजही आवडतं, समोर शंभर पोरं असली तरी घाम फुटत नाही. ताण येतो तो नेमणुकीच्या ऑर्डरचा. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात होते (नाव नाही घेत), तेव्हा १२० दिवसांची ऑर्डर निघायची, ती संपली की एक दिवस टेक्निकल ब्रेक, मग नवी ऑर्डर, म्हणजे त्या दिवशी कागदोपत्री तुम्ही कॉलेजचे कुणीच नाही. आणि नेमकी ब्रेकच्या दिवशीच डिसेक्शनची (मृतदेहावर शिकायची) बॅच. एचओडींचा (विभागप्रमुखांचा) सकाळीच फोन, मॅडम जरा येऊन जा, दुसरं कुणी नाहीये. गेले. फॉर्मॅलिननं डोळ्यांतून पाणी, हातात फोर्सेप, पोरांना ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडं जाणाऱ्या नसांचं जाळं, सोडवून दाखवतेय अन् क्लार्क दारातून सांगतोय, मॅडम, आज मस्टरवर सही करू नका बरं, ऑडिटला अडचण येते. शिकवलेलं चालतं, सही चालत नाही! पुढं नवी ऑर्डर हातात पडेस्तोवर पगार लटकला तो वेगळाच. शिक्षक पुरेसे आहेत का ते बघायला इन्स्पेक्शन आलं की मात्र "मी इथं शिकवते" असे डिक्लेरेशन फॉर्म आधी आमचे भरून घेणार.

घरी बोलायची सोय नाही. आमचे दीर शेती बघतात, त्यांचं ठरलेलं, "वहिनी, दोन तास शिकवायचं अन् पंख्याखाली बसायचं, तुम्हाला कसलं आलंय टेन्शन? पाऊस ओढ देतो तेव्हा या बांधावर." अहो भाऊजी, सातबारा तरी तुमच्या नावावर आहे ना, माझं नाव दर चार महिन्यांनी खोडून परत लिहितात. हे तेव्हा सुचलं नाही, आता लिहितेय, वाचतील तर वाचतील.

तर जॉइन व्हायचं तर व्हा, पण "आज ना उद्या कायम करतीलच" यावर भरवसा ठेवू नका. सुप्रीम कोर्टानं २००६ च्या उमादेवी निकालात स्पष्ट सांगितलंय, नुसती वर्षं काढली म्हणून कायम व्हायचा हक्क मिळत नाही. कायम पोस्ट एमपीएससीतून भरतात, जाहिरात आली की फॉर्म टाका, एचओडी काहीही म्हणोत. बाई असाल तर अजून एक, ऑर्डर संपली की बाळंतपणाची रजाही संपली असं ऑफिस सांगतं, ऐकू नका. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की कायद्यानं हक्क आहे, आणि मुदत संपली तरी लाभ पूर्ण द्यायचा हे सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्याच केसमध्ये सांगितलंय.

हे सगळं नॉन-क्लिनिकलचं, म्हणजे अ‍ॅनाटॉमीसारख्या पेशंट न बघायच्या विषयांचं, बरं का. क्लिनिकलवाल्यांचं, इमर्जन्सी अन् पेशंटच्या नातेवाइकांची दमदाटी, ते त्यांनाच विचारा. आणि परभणी, हिंगोली, जालना, धाराशिवला आता नवी कॉलेजं झालीत, तिथं ऑर्डर किती दिवसांची देतात ते जॉइन व्हायच्या आधी आस्थापना विभागात जाऊन विचारा, फोनवर कुणी नीट सांगत नाही.