प्रार्थनेत देवाची उपस्थिती जाणवतच नसेल, तर रोजच्या आयुष्यात ख्रिस्ती प्रीती कशी जगायची?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. एक, प्रार्थनेला बसल्यावर काहीच जाणवत नाही. दोन, मंडळीत बाकीचे डोळे पुसत साक्ष देतात तेव्हा आपल्याच विश्वासात खोट आहे असं वाटतं. तीन, ऑफिसातल्या ज्या माणसाशी बोलणं बंद आहे त्याच्यावर प्रीती करायची म्हणजे नेमकं काय करायचं. पहिल्या दोन गोष्टींवर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण त्यांवरून माझं सख्ख्या मोठ्या भावाशी वाजलेलं आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

माझं मत आधीच सांगतो. प्रार्थनेत अंगावर शहारा येणं, गळा दाटून येणं, मन एकदम हलकं होणं, ही देवाची देणगी असू शकते. पण तिला देवाच्या उपस्थितीचा पुरावा मानायचं आणि ती ज्याला मिळत नाही त्याला ‘थंड पडलेला’ ठरवायचं, हे पवित्र शास्त्रात कुठेही नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये मात्र सर्रास चालतं. कितीतरी चांगली माणसं त्यापायी स्वतःला दोषी समजत मागच्या बाकावर बसून राहतात.

माझे एक काका होते, वडिलांचे धाकटे भाऊ. राहत्या घरावरून त्यांनी वडिलांवर दावा लावला होता. वडील गेले तरी दावा चालूच राहिला. आमच्या घरात त्यांचं नाव कोणी घेत नसे. काकांनी लग्न केलेलं नव्हतं. त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि आता घरी न्या असं रुग्णालयाने सांगितलं तेव्हा त्यांना नेणारं कोणी नव्हतं. मी घेऊन आलो. बायको आधी एक रात्र माझ्याशी बोलली नाही, सकाळी उठून तिनेच आतली खोली रिकामी केली.

दादाला हे पटलं नाही. ‘ज्याने बाबांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या त्याला तू घरात आणतोस?’ हे त्याचं पहिलं वाक्य. ते मी समजू शकतो, तो बाबांच्या बाजूने बोलत होता. दुसरं वाक्य काही महिन्यांनी आलं आणि ते मला आजही सलतं. दादा मंडळीत प्रार्थना चालवतो. त्याच्या प्रार्थनेत माणसं रडतात, तोही रडतो, आणि त्यात खोटं काही नाही. त्याला खरंच जाणवतं. माझं मात्र रविवारच्या उपासनेला जाणं कमी झालं होतं, उपवास-प्रार्थना तर बंदच पडली होती. त्याने विचारलं, ‘तुला तिथे, त्या खोलीत, देव जाणवतो का?’ मी खरं ते सांगितलं, नाही. तो म्हणाला, ‘बघ. तू मार्था झालायस. कामात बुडालास आणि प्रभूला मुकलास.’ येशू घरी आला तेव्हा बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि जी कामातच गुंतून राहिली, ती ही मार्था.

त्या खोलीत काय असतं ते सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर हाडाला लागून असलेली कातडी दाबून मरते आणि जखमा होतात. माकडहाड, खुबे, टाचा या धोक्याच्या जागा. ओढून सरकवलं तर कातडी सोलवटते, म्हणून कमरेखाली दुहेरी चादर ठेवायची, ती दोन्ही बाजूंनी धरायची आणि माणूस उचलून वळवायचा. चादरीला सुरकुती राहता कामा नये. गिळण्यावर परिणाम झालेला असतो, त्यामुळे घास आडवं असताना भरवायचा नाही. पाठ ताठ करून बसवायचं, तोंडात घास उरला नाही ना ते बघायचं, आणि भरवून झाल्यावरही अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. पाण्याचा घोटसुद्धा चुकीच्या वाटेने गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो.

काकांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं. माझं नाव घेता येत नव्हतं. पण मेंदूची डावी बाजू गेली तरी तोंडपाठ असलेल्या गोष्टी पुष्कळदा शाबूत राहतात, तशा त्यांच्या शिव्या शाबूत होत्या आणि प्रभूची प्रार्थनाही. कूस बदलताना दुखलं की शिवी यायची, स्पष्ट, खणखणीत. आणि संध्याकाळी मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरुवात केली की ते शेवटपर्यंत माझ्याबरोबर म्हणायचे, एक शब्द न चुकता. आमच्या ऋण्यांना आम्ही ऋण सोडलं आहे, ही ओळसुद्धा. दावा चालू असलेला माणूस आणि ज्याच्या बापावर दावा होता तो माणूस एकत्र ती ओळ म्हणत होते. याकोबाने त्याच्या पत्रात लिहिलं आहे की एकाच तोंडातून स्तुती आणि शाप निघतात, असं होऊ नये. मी ते रोज ऐकत होतो आणि त्या तोंडात घास भरवत होतो. मला तेव्हा काही जाणवत नव्हतं. कंबर दुखत होती आणि झोप येत होती.

एका पहाटे त्यांना कुशीवर वळवलं तर माकडहाडावर लाल डाग दिसला. बोटाने दाबलं. निरोगी कातडी दाबली की पांढरी पडते आणि पुन्हा लाल होते. हा डाग पांढरा पडला नाही. जखम होऊ घातली आहे याची ती खूण. मी घाबरलो. हात थरथरायला लागले. उशी कापून तिची खोबण केली, त्या जागेवर भार येणार नाही असं त्यांना निजवलं, आणि दिवसभर कामावर असताना माझं चित्त त्या डागावर होतं. दोन-तीनदा घरी फोन केला. काही दिवसांनी डाग गेला.

पुष्कळ नंतर, काका गेल्यावर, माझ्या ध्यानात आलं की त्या पहाटेपासून मला दाव्याची आठवण आली नव्हती. कागदपत्रं कपाटात तशीच होती, रागाला कारण तसंच होतं, पण मी त्या माणसाच्या कातडीच्या काळजीत होतो, आपल्या मुलाची करावी तशा. ही काळजी माझ्या पदरची नव्हती. या माणसासाठी माझ्यापाशी काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे, काहीच नव्हतं. पौल रोमकरांना लिहितो की देवाची प्रीती पवित्र आत्म्याच्या द्वारे आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे. ओतली जात असताना ती जाणवेल असं तो तिथे म्हणत नाही.

दादाला हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हे तू मागाहून जुळवतोस. मग मी त्याला मत्तयाचा 25 वा अध्याय काढून दिला. न्यायाच्या दिवशी राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. आजारी होतो, तुम्ही माझा समाचार घेतलात. आणि ते काय म्हणतात? ‘प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं?’ त्यांना पत्ताच नाही! ज्यांना त्याने आपलं म्हटलं त्यांना त्या वेळी त्याची उपस्थिती मुळीच जाणवलेली नव्हती. ते ताप उतरवत होते, कपडे देत होते. प्रभू तिथे होता, हे त्यांना शेवटी राजाच्याच तोंडून कळलं. पुन्हा उठलेल्या येशूबरोबर अम्माऊस गावाच्या वाटेने चाललेल्या दोघा शिष्यांचंही तेच. एवढी वाट बरोबर चालले, ओळखलं नाही. भाकरी मोडताना ओळखलं, आणि आपलं हृदय वाटेत पेटलं होतं हे त्यानंतर आठवलं. मागाहून कळणं हा शास्त्रातला अगदी नेहमीचा प्रकार आहे.

आणि मार्थाचं. लूकच्या 10 व्या अध्यायात येशू तिला बोलला ते तिच्या काळजीबद्दल आणि दगदगीबद्दल. ‘माझ्या बहिणीला सांग’ ही तिची तक्रार होती. स्वयंपाक करू नकोस असं त्याने म्हटलेलं नाही. योहानाचा 11 वा अध्याय मात्र कोणी वाचून दाखवत नाही. त्यांचा भाऊ लाजर मेल्यावर येशूला सामोरी गेली ती मार्थाच, मरीया घरात बसून होती. आणि ‘तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस’ ही कबुली तिच्याच तोंडची आहे. तेव्हा कोणाला मार्था म्हणून हिणवायचं असेल तर पुढे वाचून मग हिणवावं.

दादाचा आवडता दाखला 1905 सालच्या केडगावचा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये त्या वर्षी मोठी जागृती झाली, मुली मोठमोठ्याने रडून प्रार्थना करू लागल्या. खरी गोष्ट आहे, मीही ती आदराने वाचतो. पण त्याआधी तिथे काय चाललं होतं? 1896–97 च्या दुष्काळात रमाबाई स्वतः हिंडून उपाशी, टाकलेल्या मुली गोळा करून आणत होत्या. त्यांना न्हाऊ घालणं, खाऊ घालणं, दुखणी काढणं, लिहायला शिकवणं, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. जागृती अशा घरात आली. आणि खुद्द रमाबाईंनी काय सांगितलं आहे? 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सापडायला आणखी आठ वर्षं गेली. एवढी विद्वान, एवढी तळमळीची बाई आठ वर्षं कोरडी राहू शकते, तर तुम्ही-मी कोण?

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू होते, पूर्वाश्रमीचे शिपाई, पायाने अधू. मठाच्या स्वयंपाकघरात त्यांना राबावं लागलं, आणि त्या कामाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. भांड्यांच्या खणखणाटातही देव माझ्याजवळ असतो, असं ते पुढे म्हणू लागले आणि लोक तेवढंच उचलतात. पहिली दहा वर्षं आपण फार सोसलं हे त्यांनी पत्रात लिहिलेलं आहे, ते कोणी सांगत नाही. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत अंधारच होता. म्हणून त्या पहाटे उठून कामाला गेल्या नाहीत असं झालं नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: जाणवत नाही तर नाही, प्रार्थना सोडू नका. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रं म्हणा. 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्यात शेवटीसुद्धा उजेड नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वेळ कमी ठेवा पण रोज ठेवा. आणि आपल्याला काय वाटतंय ते सारखं तपासत बसू नका. रोप उपटून मुळं धरली का ते रोज बघितलं तर ते जगणार नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. उपासनेला जाऊ नका असं मी म्हणत नाही. मला जाता येत नव्हतं तेव्हा आमचे पाळक घरी येऊन प्रभुभोजन देत, काकांनाही देत, आणि त्याशिवाय मी तग धरला नसता. दुसरं, कोरडेपणा फक्त प्रार्थनेपुरता नसेल, झोप उडाली असेल, भूक मेली असेल, जगण्यातच रस उरला नसेल, तर आधी डॉक्टरकडे जा. तो विश्वासाचा तोटा नाही, आजार आहे. तिसरं, ज्या घरात मारहाण होते तिथे प्रीतीच्या नावाखाली कोणी परत जाऊ नये. माझे काका हात उचलू शकत नव्हते, एवढं लक्षात ठेवून माझी हकिगत वाचा.

काका गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहून काही म्हटलं वगैरे नाही, शेवटपर्यंत एक चांगला शब्द माझ्या वाट्याला आला नाही. अंत्यविधीला दादा आला, प्रार्थना त्यानेच केली, आणि ती फार सुंदर होती. पण काका आमच्याकडे होते तेवढ्या काळात तो एकदाही त्या खोलीत आला नव्हता. आपल्या डोळ्यांसमोरच्या भावावर जो प्रीती करत नाही त्याला न पाहिलेल्या देवावर प्रीती करता येत नाही, हे योहानाने लिहिलंय. दादाने हे वाचलं तर वाचू दे.

तुमच्या सहकाऱ्याचं. आतून माया उचंबळण्याची वाट पाहू नका. त्याला कामासाठी लागणारी फाइल मागायच्या आत द्या. त्याने केलेलं काम बैठकीत त्याच्या नावाने सांगा. चहाच्या वेळी त्याचा विषय निघाला की उठा. प्रार्थनेत त्याचं नाव घ्या, त्याला सुबुद्धी दे असं नको, त्याच्या घरच्यांचं भलं कर असं म्हणा. तो उलट वागेल, कदाचित वरिष्ठांकडे खोटी तक्रारही करेल. केली तर गप्प बसू नका, लेखी उत्तर द्या. येशूला प्रमुख याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्याने सरळ विचारलं, मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का (योहान 18). तुम्हीही विचारा. आणि दुसऱ्या दिवशी फाइल वेळेवर द्या.