दिराचा आजार मुलीपासून लपवू नका

भुसावळच्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगी २३ वर्षांची, अमेरिकेत शिकते. दोन महिने उदास होती, झोप नव्हती. तिथे डॉक्टरऐवजी एका सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनरने, म्हणजे मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या उच्चशिक्षित नर्सने, तपासून तिला सर्ट्रालिन ही उदासीवरची गोळी ५० मिलिग्रॅम सुरू केली. त्याला आठवडा झाला, मळमळतंय. ताई विचारतात, "नर्सने दिलेली गोळी बंद करायला सांगू का? लेकीने घरच्या आजारांचं विचारलं, पण आमचे हे म्हणतात, दिराचं काढू नको. मी बिबड्यांच्या पार्सलमधून अश्वगंधा चूर्ण पाठवलंय."

ताई, तुमच्या सांगण्यावरून गोळी बंद व्हायला नको. आपल्याकडे मनोविकार विभागातल्या सिस्टर औषध लिहून देत नाहीत, म्हणून तुम्हाला शंका आली. तिथे नर्स प्रॅक्टिशनर व्हायला नर्सिंगच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखाली शेकडो तास रुग्णसेवा आणि राष्ट्रीय परीक्षा, एवढं झाल्यावर राज्य परवाना देतं. निदान करणं, औषध लिहिणं हे त्यांचं कामच. काही राज्यांत त्यांना डॉक्टरशी करार करून काम करावं लागतं. खात्री हवी असेल तर लेकीला राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या वेबसाइटवर नाव टाकून परवाना बघायला सांगा.

मळमळ बहुधा एक-दोन आठवड्यांत कमी होते. जेवणानंतर गोळी घेतली की त्रास कमी जाणवतो. पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि लोक नेमके त्याआधीच कंटाळून गोळी सोडतात. मात्र २४ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्यामुळे रोज फोन करा आणि "जीव नकोसा वाटतो का?" असं स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. ती हो म्हणाली तर तिने लगेच ९८८ या अमेरिकेतल्या मदतीच्या नंबरवर फोन करायचा, तिथे तो चोवीस तास चालतो.

आता दिराचं. तुम्ही लिहिलंय, तो आठ-आठ दिवस झोपायचा नाही, तरी थकायचा नाही. अखंड बोलायचा, दोनदा शेत विकायला निघाला. मग महिनोन् महिने अंथरुणात. घरात 'बाहेरचं झालंय' म्हणून झाकलं गेलं. हे वर्णन बायपोलर आजाराशी जुळतं, आणि तो रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. अशा माणसाला नुसती उदासीवरची गोळी दिली तर मन दुसऱ्या टोकाला, उन्मादाकडे जाऊ शकतं. मुलीला तो आजार आहेच असं मी म्हणत नाही. पण काकाचं कळलं तर नर्स तिच्या झोपेकडे, खर्चाकडे, बोलण्याच्या वेगाकडे बारीक लक्ष ठेवेल, गरज पडली तर औषध बदलेल. अब्रूच्या भीतीने हे दडवलंत तर ती अंधारात उपचार करणार.

म्हणून आजच रात्री दिराला कोणत्या वयात सुरू झालं, किती दिवस टिकायचं, कोणती औषधं लागू पडली, ते मराठीत लिहून लेकीला पाठवा. पुढच्या भेटीत ती वाचून दाखवेल. तिच्या परवानगीशिवाय नर्स तुमच्याशी तिच्याबद्दल बोलणार नाही. तो कायदा आहे, राग मानू नका.

आणि त्या चूर्णाचा डबा तिने तूर्त उघडू नये. अश्वगंधेने गुंगी वाढू शकते, थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो. डब्याच्या लेबलाचा फोटो नर्सला दाखवून मगच काय ते ठरवा. बिबडे खुशाल खाऊ द्या.