एसएसडी घ्यायच्या आधी बोर्ड आणि प्रोसेसर बघ

अगं, तुझा मेसेज वाचला, पाठवलेल्या एसएसडीच्या (म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या वेगवान ड्राइव्हच्या) लिंकही सगळ्या उघडून बघितल्या. तू सगळीकडे डब्यावरचा मोठा आकडा तेवढा बघितलायस, कुठे ७,४०० एमबी पर सेकंद, कुठे १४,०००, आणि मला विचारतेयस की ताई, गेमिंग आणि व्हिडिओ एडिटिंगसाठी सगळ्यात फास्ट कुठला. मला वाटतं आधी तू हे बघ की तुझा पीसी त्यातलं किती घेऊ शकतो.

तुझा मदरबोर्ड बी५५० आणि प्रोसेसर रायझन ५६००जी, बरोबर ना? बी५५० वर पहिला एम.२ स्लॉट, म्हणजे एसएसडी बसवायची खाच, जेन४ चा असतो हे खरंय (जेन म्हणजे जोडणीची पिढी, आकडा मोठा तेवढी ती फास्ट), पण तो थेट प्रोसेसरला जोडलेला असतो आणि ५६००जी स्वतःच जेन३ च्या पुढे जात नाही, म्हणजे तू जेन५ आण नाहीतर जेन४ आण, हातात येणार साधारण ३,५००. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही, त्याने तरी तुझा प्रोसेसर कुठे बघितलाय. पुढे कधी प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर जेन४ घेऊन ठेव, तो जेन३ मध्ये नीट चालतो. जेन५ चे पैसे मात्र अजिबात घालू नकोस.

गेमिंगचं म्हणशील तर हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्यावर जो फरक पडतो तो खरा. त्यानंतर जेन३ आणि जेन४ मध्ये बहुतेक गेम्सचं लोडिंग फार तर एक-दोन सेकंदांनी कमी होतं, कारण गेम असंख्य छोटे छोटे तुकडे वाचतो आणि ते उलगडायचं काम प्रोसेसरकडे असतं, ड्राइव्ह नुसता वाट बघत बसतो. तिथे जागा जास्त कामाची. एकेक गेम आता १०० जीबीच्या वर जातो आणि १ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसतो. त्यातही थोडी जागा रिकामी ठेवावी लागते, गच्च भरलेला एसएसडी हळू होतो. म्हणून बजेट असेल तर साधा २ टीबी घे, भारीतला १ टीबी नको.

आता एडिटिंग, आणि हे नीट वाच कारण इथेच लोक फसतात. स्वस्त ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा क्यूएलसी मेमरी असते, म्हणजे एकेका कप्प्यात चार बिट कोंबणारी, स्वस्त पण लिहायला हळू. ड्राइव्ह आपल्याच मेमरीचा काही भाग कॅशसारखा वापरतो आणि सुरुवातीला धडाधड लिहितो, टेस्टमध्ये दिसतो तो स्पीड हाच. तू लग्नाचं दीड-दोनशे जीबी फुटेज दुसऱ्या एसएसडीवरून एकदम कॉपी करायला घेतलंस की थोड्या वेळाने ती कॅश भरते आणि कॉपीच्या खिडकीतला हिरवा ग्राफ कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो, काही क्यूएलसी ड्राइव्ह तर पार हार्ड डिस्कच्या स्पीडला येतात. टीएलसी, म्हणजे कप्प्यात तीनच बिट ठेवणारा, पण उतरतो पण इतका नाही. म्हणून टीएलसीच घे. डीरॅम, म्हणजे ड्राइव्हची स्वतःची छोटी फास्ट मेमरी, असलेला मिळाला तर उत्तम, नसेल तर तो पीसीच्या रॅममधला थोडा भाग वापरतो, गेमिंगला तेवढं पुरतं.

डब्यावर टीएलसी लिहिलेलं नसेल तर टीबीडब्ल्यू बघ, म्हणजे किती टेराबाइट लिहीपर्यंत कंपनी वॉरंटी देते ते. सॅमसंग ९९० प्रो आणि डब्ल्यूडी ब्लॅक एसएन८५०एक्स, दोन्हींच्या १ टीबी मॉडेलला ६०० आहे. क्रुशल पी३ प्लस क्यूएलसी आहे, त्याला २२०. एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

आणि एक, तुझ्या कॅमेऱ्याचं फोरके फुटेज १०० एमबीपीएसचं आहे, म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेबारा एमबी. टाइमलाइन अडकते ती ड्राइव्हमुळे नाही गं, ते प्रोसेसर आणि ग्राफिक्सचं काम. एसएसडी बदलून ते सुटेल अशी आशा ठेवू नकोस, हे आधीच सांगतेय म्हणजे नंतर वाईट वाटायला नको.

इंदूरचा मे महिना तुला माहितीये, खोलीतच पंख्याखाली घाम फुटतो, आणि असा एम.२ स्लॉटमधला एनव्हीएमई एसएसडी तापला की स्वतःहून हळू होतो. बोर्डाबरोबर आलेली हीटसिंक, म्हणजे गरमी ओढून घेणारी धातूची पट्टी, नक्की लाव, आणि लावताना तिच्या थर्मल पॅडवरची (आतल्या मऊ पट्टीवरची) पातळ प्लॅस्टिकची फिल्म काढ, ती दिसत नाही म्हणून तशीच राहते आणि गरमी आतच अडकते. ड्राइव्ह स्लॉटमध्ये थोडा तिरका घालायचा, मग दाबून आडवा करायचा आणि छोटा स्क्रू लावायचा. तो स्क्रू बोर्डाच्या डब्यातल्या पुडीत असेल, जायच्या आधी घरी शोधून ठेव, सुटा मिळायला फार त्रास होतो.

बिल जीएसटीचंच घे, त्यावर सीरियल नंबर लिहून घे. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्ह तपासायचं सॉफ्टवेअर टाकून आधी किती तास चालला आणि किती लिहिलं गेलंय ते बघ, नवीन ड्राइव्हवर दोन्ही आकडे शून्याच्या आसपास हवेत. जास्त दिसले तर त्याच दिवशी परत ने.

जुनी हार्ड डिस्क विकू नकोस. एसएसडी जातो तेव्हा बऱ्याचदा आवाज न करता एकदम जातो, आणि त्यातून डिलीट झालेलं परत काढणं फार अवघड असतं. लोकांच्या लग्नाचं फुटेज तुझ्याकडे विश्वासाने दिलेलं असतं, त्याची एक कॉपी त्या हार्ड डिस्कवर राहू दे. बोर्डाचं पूर्ण मॉडेल नाव पाठव, दुसरा स्लॉट कुठल्या जेनचा आहे ते बघून सांगते.

तुझी ताई