फी नव्हे, चार वर्षांचा खर्च मोजा

व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी सरकारी, अनुदानित, खासगी कॉलेजांची तुलना करताना पहिल्या वर्षाच्या फीवर जाऊ नका. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यांच्या साइटवरचा आकडा आणि कॉलेजनं सांगितलेला आकडा ताडून पाहा. बस, गणवेश, अनामत हे वेगळं विचारा, लेखीच घ्या.

खरी मेख प्रवेशाच्या प्रकारात आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची फी सवलत कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलात तरच; व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली की ती गेली. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग), ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलीसाठी घराजवळचं खासगी कॉलेज म्हणूनच कधी लांबच्या सरकारीपेक्षा स्वस्त पडतं. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागेवर मात्र फक्त शिक्षण शुल्क सुटतं, बाकीचं भरावंच लागतं.

परभणी-हिंगोलीकडून संभाजीनगरला राहायचं तर खोली गुणिले १२ आणि मेस गुणिले १० धरा. सुटीतही घरमालक भाडं सोडत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढा, बँक खातं आधारशी जोडा. सवलतीचे पैसे बहुतेक इथंच अडकतात.