'मोहमेडन लॉ'मधलं 'मोहमेडन'

कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एकाने विचारलंय, "पाठ्यपुस्तकात 'मोहमेडन लॉ' लिहिलेलं असतं, 'मुस्लिम लॉ' का नाही? हा शब्द अपमानकारक आहे का?"

शिवी म्हणून तो घडवलेला नाही. ख्रिस्तावरून ख्रिश्चन, तसं महंमदावरून मोहमेडन. पण खोट या तर्कातच आहे. ख्रिश्चन ख्रिस्ताला देव मानून भजतात. मुसलमान पैगंबरांना भजत नाहीत, अल्लाहखेरीज कुणालाच नाही. म्हणून हे नाव त्यांना खटकतं, आणि ते खटकणं रास्त आहे.

त्याआधी तर युरोपला या धर्माला धर्माचं नावच द्यायचं नव्हतं. कुळाची, मुलखाची नावं चालत. 'सारासेन' हे इस्लामच्याही आधीचं, ग्रीक भूगोलकारांनी अरबस्तानातल्या एका टोळीला दिलेलं नाव. 'मूर' म्हणजे मूळचे वायव्य आफ्रिकेतले लोक. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात पार फिलिपाइन्सला पोचले, तर तिथल्या मुसलमानांनाही त्यांनी 'मोरो'च म्हटलं! ऑटोमन सत्तेचा दरारा वाढल्यावर युरोपात मुसलमान होणं म्हणजे 'तुर्क होणं' झालं. (आपल्याकडेही हेच घडलं. एकनाथांचा 'हिंदु-तुर्क संवाद' आठवा. तिथला तुर्क म्हणजे मुसलमान, मग वंश कुठलाही असो.)

अज्ञान किती गाढ होतं ते 'रोलांचं गीत' या इ.स. ११००च्या सुमाराच्या फ्रेंच वीरकाव्यात दिसतं. त्यात स्पेनमधल्या सारागोसाचे मुसलमान महंमद, अपोलां आणि तेरव्हागां अशा तीन देवांच्या मूर्ती पूजतात. लढाई हरल्यावर चिडून ते त्याच मूर्ती फोडतात, आणि महंमदाची मूर्ती खंदकात फेकतात, तिथे डुकरं नि कुत्री ती तुडवतात. मूर्तिपूजा ज्यांना मुळीच मान्य नाही त्यांच्याबद्दल हे लिहिलंय! पुढे मध्ययुगीन इंग्रजीत 'मॉमेट' म्हणजे मूर्ती किंवा बाहुली असा शब्दच रुळला, आणि तो पैगंबरांच्या नावाचाच अपभ्रंश आहे. 'मोहमेडन'पेक्षा हा शब्द मला कितीतरी अधिक क्रूर वाटतो.

मुळातून वाचण्याची धडपडही झाली. फ्रान्समधल्या क्लूनीचा मठाधिपती पीटर याने कुराणाचं लॅटिन भाषांतर करवून घेतलं, ते ११४३ साली पुरं झालं. मात्र हेतू खंडनाचा होता आणि मथळ्यातच 'खोटा पैगंबर' होतं. जॉर्ज सेलचं इंग्रजी भाषांतर १७३४चं, ते बरंच समंजस. १८४०मध्ये कार्लाइल या ब्रिटिश लेखकाने लंडनच्या व्याख्यानात पैगंबर ढोंगी होते हा समज उघडपणे नाकारला. कॅथलिक चर्चने मुसलमानांविषयी आदर अधिकृतपणे नोंदवला तो १९६५मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

'मोहमेडन' हा या प्रवासातला मधला शब्द. सर सय्यद अहमद खानांनी १८७५ साली अलीगढला सुरू केलेल्या संस्थेच्या इंग्रजी नावात तो होता, कोलकात्याच्या फुटबॉल क्लबच्या नावात आजही आहे. मुसलमानांनी स्वतः घेतलेला शब्द तेव्हा अपमान नव्हता. पण १९४९मध्ये गिब या अभ्यासकाने 'मोहमेडनिझम' नावाचं पुस्तक काढलं, तेव्हा मुसलमानांना हा शब्द आवडत नाही हे त्याला आतच लिहावं लागलं.

तेव्हा ग्रंथाचं किंवा संस्थेचं नाव आहे तसं ठेवा. स्वतः लिहिताना 'मुस्लिम कायदा' लिहा.