जे तुझ्या हातात नाही

प्रिय मुलीस, अनेक आशीर्वाद.

गणपतीच्या आरतीनंतर तू मला पार्किंगमध्ये गाठून फोनवर रजिस्टर ऑफ डीड्सच्या, म्हणजे घर-जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, निवडणुकीचा तो फ्लायर दाखवलास. वर तुझा फोटो, खाली ठळक अक्षरांत ‘तुमचा प्रॉपर्टी टॅक्स कमी करीन’. पक्षाचे लोक म्हणतात याशिवाय मतं मिळत नाहीत, काका, काय करू? तिथे मी धड उत्तर दिलं नाही. घरी आलो तर झोप लागेना, म्हणून लिहायला बसलोय.

तुझ्या आईचं म्हणणं मला कळतं. तिच्या डोळ्यांसमोर गावाकडचं दुय्यम निबंधकाचं कार्यालय आहे. तिथला माणूस सरकार नेमतं. त्यासाठी दारोदार मतं मागायची, हे तिला विचित्र वाटतं. पण आपल्या नॉर्थ कॅरोलायनात 100 काउंट्या, म्हणजे जिल्हे, आहेत आणि तिथला रजिस्टर ऑफ डीड्स 4 वर्षांसाठी पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. वकिलीची पदवी लागत नाही. पदाच्या वार्षिक पगाराच्या 1 टक्का फी भरून डिसेंबरात अर्ज करायचा. तू उभी राहावंस की नाही यावर मी शब्द खर्च करणार नाही, ते ठरलेलं आहे. अडचण फ्लायरची आहे.

जे तुझ्या हातात नाही त्याचं वचन देऊ नकोस. घराची किंमत असेसर लावतो, कराचा दर काउंटीच्या कमिशनर्सचं बोर्ड ठरवतं. विक्रीवर 500 डॉलरमागे 1 डॉलर एक्साइज टॅक्स तुझ्या खिडकीवर भरला जाईल खरा, पण तो दरही राज्याच्या कायद्यात लिहिलेला आहे. मग तुझ्या हातात काय? दस्त घेणं, त्यावर तारीख आणि वेळ टाकणं, देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव सूचीत बिनचूक चढवणं. हे तुला किरकोळ वाटतं? 1885 च्या कॉनर कायद्यापासून इथे जो आधी नोंदवेल त्याचा हक्क. एकच घर दोघांना विकलं गेलं, तर आधी घेणारा नाही, आधी खिडकीवर पोचणारा जिंकतो. पहिल्या व्यवहाराची त्याला माहिती असली तरीसुद्धा. तुझ्या शिक्क्यातल्या मिनिटावर एखाद्याचं घर राहतं किंवा जातं. यावर फ्लायर लिही ना!

मी या पदासाठी उभा राहून पडलो, एवढंच तुला माहीत आहे. पुढचं मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. फेब्रुवारीत एका चर्चमधल्या जेवणाला एक वृद्ध बाई भेटल्या. त्यांच्या नावाचं खोटं हक्कसोडपत्र करून, नोटरीचा शिक्का मारून कुणीतरी नोंदवून टाकलं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि मी म्हणून गेलो, ‘निवडून आलो की रद्द करतो.’ नोंदवलेला दस्त त्या कार्यालयाला रद्द करता येत नाही. कागद नियमात बसला की घ्यायचा. खरा की खोटा ते न्यायालय ठरवतं. मला हे माहीत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. अंधुक माहीत होतं. पण समोर रडणारी बाई होती आणि भोवती तीसएक मतदार ऐकत होते. माझ्या शब्दावर त्या थांबल्या, वकील केला नाही. सप्टेंबरात कळलं, दरम्यान त्या घरावर कुणी कर्जही काढलं होतं.

ऑक्टोबरात पक्षाने टॅक्सचाच मजकूर छापायला आणला, तेव्हा मी नको म्हणालो. त्या हट्टापायी मी हरलो असं लोक अजून म्हणतात. मला ते पटत नाही. मी हरलो ते आपल्या मराठी मंडळींच्या पलीकडची दारं पुरेशी ठोठावली नाहीत म्हणून. तू ती ठोठाव. आणि हट्टामुळेच हरलो असेन, तर तशी हार मी पुन्हा पत्करीन.

सांगण्यासारखं काही नाही असं म्हणू नकोस. वेक काउंटीत 2017 मध्ये याच कार्यालयातली रोख गायब असल्याचं उघड झालं आणि पुढच्या वर्षी माजी रजिस्टरने न्यायालयात गुन्हा कबूल केला. रोजची रोख दोघांनी मिळून मोजायची, हे तुझ्या हातात आहे. बंकम काउंटीच्या कार्यालयाने गुलामांच्या विक्रीची जुनी खतं पुस्तकांतून शोधून सगळ्यांसाठी खुली केली; माणसांची नोंद मालमत्ता म्हणून झालेली ती पानं वंशजांना आता पाहता येतात. हेही हातातलं. खोट्या दस्ताची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ‘थांबू नका, आजच वकील गाठा’ असं त्याच खिडकीवर सांगणं, हे तर पहिल्या दिवसापासून हातातलं आहे. मी तेवढंही केलं नाही.

शनिवारी ये, फ्लायर नव्याने लिहू. त्याआधी एकदा त्या कार्यालयात जा. तुझ्या आईबाबांच्या घराचं खरेदीखत काढ, विकणाऱ्याच्या नावावरून त्याच्या आधीचं, मग त्याच्याही आधीचं. जिथे साखळी सापडेनाशी होईल, तिथला पुस्तकाचा आणि पानाचा नंबर लिहून आण.

तुझा,
काका