खोट्या पोलिसांना दिलेले १४ लाख आणि बँकेत सांगितलेले खोटे कारण

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून कोथरूडमध्ये एकटी राहते. माझ्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डवरून काळ्या पैशांचे व्यवहार झाल्याचे सांगून, मुंबई पोलिसांच्या गणवेशातील एका माणसाने मला दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवले. ‘राष्ट्रीय गोपनीयता कायद्या’नुसार कोणाजवळ बोलणार नाही, असेही लिहून घेतले. पडताळणीनंतर परत मिळतील म्हणून मुदत ठेव मोडून १४ लाख रुपये आरटीजीएसने पाठवले. बँकेतील अधिकाऱ्याने विचारले, तेव्हा भाचीच्या फ्लॅटसाठी देत असल्याचे खोटेच सांगितले. आता आणखी ३ लाख मागत आहेत. मुलाला अजून सांगितलेले नाही. माझ्यावर खरेच गुन्हा असेल का? खोटे बोलल्यामुळे मीच अडकेन का? पैसे परत मिळतील का?

उत्तर : बाई, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवण्याचे मी आपल्याला फोनवर कळवले आहेच, कारण अशा प्रकरणात पैसे काही तासांत एका खात्यातून दहा खात्यांत फिरतात आणि जी रक्कम अजून खात्यात पडून आहे, तेवढीच गोठवता येते.

आपल्यावर गुन्हा असल्याचे आपल्याला सांगितले ते केवळ त्या माणसांनी. अटक व तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत व्हिडिओ कॉलवरील अटक नावाचा प्रकारच नाही. कलम ४३ प्रमाणे अटक प्रत्यक्ष समोर येऊन करावी लागते, आणि स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. हजर राहण्याची कलम ३५ ची नोटीसही व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘राष्ट्रीय गोपनीयता कायदा’ अस्तित्वात नाही. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आहे, पण त्याचा आपल्या मुदत ठेवीशी काडीचाही संबंध नाही. तपास यंत्रणेला एखाद्या पैशाचा संशय आला, तर ती तो पैसा आपल्याच खात्यात गोठवते. ‘पडताळणी’साठी तो तिसऱ्याच कोणाच्या खात्यात भरायला लावत नाही. त्यामुळे ते ३ लाख देऊ नका आणि त्यांच्याशी बोलणेही थांबवा. मात्र संदेश, ते बनावट ‘आदेश’ व कॉलच्या नोंदी पुसू नका, फोन दुरुस्तीला देऊ नका. तो पुरावा आहे.

आपल्याला खरी बोच आहे ती बँकेत सांगितलेल्या कारणाची, असे पत्र वाचताना जाणवले. फसवणुकीच्या गुन्ह्याला अप्रामाणिक हेतू लागतो. आपण भीतीपोटी बोललात आणि त्यात नुकसान झाले ते आपलेच, म्हणून त्या वाक्यावरून आपण आरोपी ठराल असे मला वाटत नाही. परंतु हे लपवू मात्र नका. अधिकाऱ्याने विचारल्याचे बँक पुढे सांगणारच, आणि ते आपल्या तक्रारीत आधीच नसेल, तर बाकीच्या खऱ्या हकिकतीवरही शंका घेतली जाईल. ते कारण त्या माणसांनीच पढवले असेल, तर तसे शब्दशः लिहा, कारण त्यातून आपण कोणत्या दबावाखाली होतात हेच दिसते.

१९३० वरील नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते, म्हणून कोथरूड पोलीस ठाण्यात किंवा पुणे शहर सायबर पोलिसांकडे जा. सोबत खातेउतारा, आरटीजीएसचा यूटीआर (व्यवहाराची ओळख पटवणारा) क्रमांक आणि १९३० चा पोच क्रमांक न्या. भारतीय न्याय संहितेची लोकसेवक असल्याची बतावणी (कलम २०४), फसवणूक (३१८) व तोतयेगिरी (३१९) ही कलमे, तसेच माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ड येथे लागू होतात. पुढील जबाबासाठी स्त्री साक्षीदाराला पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, तो घरी नोंदवून घेण्याची विनंती आपण करू शकता.

पैशांबाबत खोटी आशा लावणार नाही. जी रक्कम गोठेल, ती मिळवण्यासाठी शिवाजीनगर न्यायालयात दंडाधिकाऱ्यांपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येईल. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने आणलेली, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर जबाबदारी नाही, ही तरतूद अनधिकृत व्यवहारांसाठी आहे आणि आरटीजीएसच्या अर्जावर सही आपली आहे. त्यामुळे आपल्या बँकेविरुद्धची बाजू कमकुवत आहे. रक्कम ज्या खात्यात गेली, ते खाते ओळखीची नीट शहानिशा न करता उघडले होते असे तपासात निघाले, तर त्या बँकेविरुद्ध राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे भरपाईचा दावा करण्याचा विचार करता येईल. पाच कोटींपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. तो निर्णय आज घ्यायचा नाही.

पोलीस ठाण्यात एकट्या जाऊ नका, मुलाला आजच सांगून सोबत न्या. गोपनीयतेच्या त्या कागदाने आपल्याला काहीही बांधलेले नाही. फिर्याद सही करण्यापूर्वी सावकाश वाचा, आणि फ्लॅटच्या कारणाचा उल्लेख त्यात राहून गेला असेल, तर तो घालून घेण्याचा आग्रह धरा.